डाव्या गुडघ्याजवळची मूठ

जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची गेले चार महिने जेवणाच्या कामाची राहिली नव्हती. संध्याकाळचे सहा वाजले की नवरा ती खोलीच्या मधोमध ओढायचा, तिच्यावर ताठ बसायचा, दोन गुडघ्यांच्या मध्ये लाटणं उभं धरायचा आणि डोळे मिटून विमान उडवायला लागायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आवरेना. लढाऊ विमानाचा होऊ घातलेला वैमानिक, आणि हातात काय, तर लाटणं. पण हे खूळ नव्हतं, अभ्यास होता. हवाई तळावरचे सगळेच शिकाऊ वैमानिक असं करत. विमानं मोजकी, त्यातली निम्मी दुरुस्तीला उभी. खरं उड्डाण आठवड्यातून एकदा मिळालं तर नशीब. बाकीचे तास खोक्यात. खोका म्हणजे सिम्युलेटर: बाहेरून पत्र्याची खोली, आत हुबेहूब विमानाचं कॉकपिट आणि समोर पडद्यावर आभाळ. खोक्यातही पाळी लागली नाही, की घरची खुर्ची होतीच.

खुर्चीवरच्या विमानाला दुसरं माणूस लागतं. ते ती. आठ महिन्यांच्या मुलीला कडेवर घ्यायचं, दुसऱ्या हातात नवऱ्याच्या खिशातली छोटी वही धरायची आणि संकटं वाचायची. "इंजिनातून धूर." नवरा तोंडाने उपाय म्हणायचा आणि हात हवेतल्या त्या त्या बटणाकडे न्यायचा. मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण रांगायला लागल्यापासून ती भिंतीच्या कडेकडेनेच जायची. मुंगीला हा खेळ फार आवडायचा. बापाला दर दोन मिनिटांनी आग लागते आणि तरी तो खुर्चीवरून उठत नाही, यात तिला काय मजा वाटायची कोण जाणे.

तिला मात्र मजा वाटत नव्हती. नवऱ्याला दोन पिवळ्या चिठ्ठ्या मिळाल्या होत्या. उड्डाण कमी प्रतीचं झालं की प्रशिक्षक पिवळी चिठ्ठी देतो. तिसरी मिळाली की माणूस जमिनीवर, कायमचा, भांडारात किंवा कचेरीत. दोन्ही चिठ्ठ्यांवर शेरा एकच होता: हात सावकाश. पहिल्याच उड्डाणात त्याने ओकून कागदी पिशवी भरली होती, त्यामुळे सोबतचे त्याला 'पिशवी' म्हणत, आणि तो तेही हसून घ्यायचा. पण येत्या गुरुवारी परीक्षेचं उड्डाण होतं, आणि परीक्षक होते ते, ज्यांना सगळा तळ पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणायचा. तेव्हापासून नवऱ्याचं हसणं ओठांपुरतं राहिलं होतं.

कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं होतं, आणि मूल झाल्यापासून तर मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दूध किती, झोप किती, श्वास मिनिटाला किती. सासूबाई फोनवर म्हणायच्या, अगं, पोर आहे ते, घड्याळ नाही. ती हो म्हणायची आणि मोजायची. म्हणून नवऱ्याचे हातही ती मोजू लागली. कोणत्या संकटाला किती सेकंद. वेग खरोखरच वाढत होता.

आणि म्हणूनच त्या दिवशी तिला ते दिसलं.

कॉकपिटचं खऱ्या मापाचं छायाचित्र नवऱ्याने न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मुंगीला अंघोळ घालताना ते रोज तिच्या डोळ्यांसमोर असायचं. कोणतं बटण कुठे, हे तिला नको असताना पाठ झालं होतं. संध्याकाळी तिने वाचलं, "चाकं उतरत नाहीत." नवऱ्याचा हात सपकन डाव्या गुडघ्याजवळ गेला, मूठ खेचल्यासारखा वर आला. चाकं उतरली, म्हणाला. दीड सेकंद. फार छान. फक्त चित्रात चाकं उतरवायची ती मूठ डावीकडे नव्हती. उजवीकडे होती, खालच्या अंगाला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची. डाव्या गुडघ्याजवळ तशीच दुसरी मूठ होती, पण ती कॉकपिटात बाहेरची हवा घ्यायची.

तिने विचारलं. नवऱ्याने डोळे उघडले आणि समजूत घालावी तसं सांगितलं. मूठ आधी डावीकडेच होती. गेल्या वर्षी विमानांत नवा रेडिओ बसवला, त्याला जागा हवी म्हणून ती उजवीकडे नेली. खोका जुनाच राहिला. तो बदलायचं काम कागदावर आहे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलेलं आहे, खोक्याच्या दारावर तशी सूचनाही लावली आहे. सगळ्यांना माहीत आहे.

"मग तुझा हात डावीकडे का गेला?"

"कारण मी खोक्यातलं करत होतो."

"आणि गुरुवारी कशात बसणार आहेस?"

तो चिडला. पुन्हा वाच म्हणाला. तिने वाचलं, हात बरोबर उजवीकडे गेला. झालं समाधान, असं म्हणून त्याने लाटणं ओट्यावर नेऊन ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी तिने ते संकट पाच संकटांच्या मध्ये टाकलं, धूर आणि आग यांच्यामध्ये, घाईघाईने वाचत. हात डावीकडे. तिसऱ्या दिवशीही. शनिवारपर्यंत अकरा वेळा वाचून झालं. नऊ वेळा डावीकडे. ज्या दोन वेळा उजवीकडे गेला, त्या दोन्ही वेळा तिने सावकाश वाचलं होतं.

याचा अर्थ काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मुंगी रांगायला लागली तेव्हा तिने तापाचं औषध खालच्या खणातून वरच्या फळीवर नेलं होतं. स्वतः नेलं होतं, स्वतःच्या हाताने. तरी मुंगी तापाने किंचाळायला लागली की आजही तिचा हात आधी खालच्या खणाकडे जायचा. मुंगी शांत असली की मात्र थेट फळीकडे. डोक्याला माहीत असणं वेगळं आणि हाताला माहीत असणं वेगळं. खालच्या खणात औषध नाही एवढंच; हात रिकामा परत येतो. विमानात डावीकडे मूठ आहे. ती खेचली जाईल, हाताला खेचल्याचं समाधान मिळेल, आणि चाकं पोटातच राहतील. मग माणूस ती आणखी जोरात खेचेल. तोवर जमीन थांबून राहते थोडीच.

शनिवारी तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं, अकरापैकी नऊसकट. त्याने ऐकून घेतलं. खोटं म्हणाला नाही, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. तो म्हणाला, गुरुवारपर्यंत मी नीट करतो, पण कुणाजवळ बोलू नकोस. दोन चिठ्ठ्यावाल्या माणसाने खोक्यात खोट काढली तर लोक काय म्हणणार? नाचता येईना, अंगण वाकडं. शिवाय खोका हा तळाच्या मोठ्या साहेबांच्या जिवाचा तुकडा. निम्म्या उड्डाणांत वैमानिक तयार होतो, हे पाहायला पुढच्या महिन्यात बाहेरची मंडळी येणार होती. अशा वेळी पिशवीच्या बायकोने मोजदाद मांडायची, म्हणजे तिसरी चिठ्ठी मागूनच घ्यायची.

तिला तेही पटलं. तेच तर वाईट होतं. दोन्ही बाजू पटत होत्या आणि मध्ये चार दिवस होते.

रविवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावरच्या दालनात सहाही शिकाऊ जमले. सहा खुर्च्या, तीन-तीनच्या दोन ओळी, सहा जण डोळे मिटून. कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट. नवऱ्याच्या हातात लाटणं, त्यावरून रोजची थट्टा. पोळ्या गोल होतात का रे पिशवी, वगैरे. वही वाचायचं काम वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे होतं. त्यांचा नवरा तुकडीत पहिला, सगळे त्याला 'पहिला नंबर' म्हणायचे आणि वहिनींना ते ऐकायला आवडायचं. मध्येच त्यांच्या माहेरून फोन आला. "धर गं जरा," म्हणून त्यांनी वही हिच्या हातात दिली आणि त्या दाराबाहेर गेल्या.

तिने दोन-तीन संकटं वाचली. बाराही हात मुकाट्याने फिरत होते. मग तिचा आवाज तिला न विचारता घाईचा झाला. इंजिनातून धूर. रेडिओ बंद. चाकं उतरत नाहीत.

सहाच्या सहा हात डावीकडे गेले.

एकदम, कवायतीसारखे. सेकंदभराने मागच्या ओळीतले दोन हात दचकून उजवीकडे वळले. बाकीचे चार वळले नाहीत. पहिल्या नंबरचाही वळला नाही. त्याचा तर सगळ्यांत आधी पोचला होता आणि मूठ खेचून निवांत मांडीवर परतलाही होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे पाहिलं फक्त तिने. आणि मुंगीने.

वहिनी परत आल्या, तिने वही दिली आणि ती वर आली. आधी तिला एकदम हलकं वाटलं. नवऱ्याचा दोष नव्हता. जिना संपेपर्यंत ते हलकेपण गेलं. एकट्याला ताप आला की तो आजारी, घरोघर आला की साथ. दिवसभर तिने हाताला लागेल ते काम केलं, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. नवरा दोनदा काय झालं म्हणून विचारून गेला. काही नाही, म्हणाली. नवऱ्याला सांगितलं तर तो पुन्हा गप्प राहा म्हणेल, आणि मग बोललं तर ते त्याचा शब्द मोडून बोलणं होईल. आता निदान मोडायला नवा शब्द तरी नव्हता. हा हिशोब लबाडीचा होता, हे तिला कळत होतं.

सोमवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या दालनात शिकाऊंच्या शंका सोडवायला मास्तर यायचे. मास्तर म्हणजे तुकडीचे मुख्य प्रशिक्षक. अठरा वर्षं विमानात काढलेला, कमी बोलणारा, स्कूटरवरून फिरणारा माणूस. तासभर शंका ऐकून ते निघाले तेव्हा ती फाटकाशी उभी होती, मुंगीला घेऊन. त्यांनी स्कूटरवर बसून हेल्मेट हातात घेतलं आणि वहिनी, पोरगी वाढली हो, असं काहीतरी म्हणाले. रात्रीपासून जुळवलेली वाक्यं ती सगळी विसरली. तिने सरळ विचारलं की सर, दोन मिनिटं डोळे मिटाल का, मी संकटं वाचते. मास्तरांना गंमत वाटली. त्यांनी हेल्मेट आरशाला अडकवलं, डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले.

वही नव्हती, तिला पाठ होती. तिने भराभर चार म्हटली. मास्तरांचे हात सुरेख फिरत होते, जराही वाया न जाता. पाचवं म्हटलं, चाकं उतरत नाहीत.

मास्तरांचा हात डाव्या गुडघ्याजवळ गेला आणि स्कूटरच्या थंड पत्र्यावर आपटला.

त्यांनी डोळे उघडले. हात तिथेच होता. त्या हाताकडे ते बराच वेळ बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि न विचारता इथे आला आहे. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले की या वर्षी खोक्यात शिकवण्याचे तास चारशे झाले आणि विमानातले साठ.

"किती जणांचं होतंय?" त्यांनी विचारलं.

"सहाच्या सहा," ती म्हणाली. "आता सात."

"पिशवीला माहीत आहे, तुम्ही मला सांगताय ते?"

"नाही."

मास्तरांनी मान हलवली. मग ते सांगू लागले. आमच्या वेळी खोका नव्हता. पहिल्या उड्डाणाआधी उस्ताद विमानात बसवायचा आणि डोळ्यांवर फडकं बांधायचा. विमान जमिनीवर, इंजिन बंद. तो नाव घेईल त्या मुठीला हात लागला पाहिजे. दहापैकी दहा, नाहीतर उड्डाण नाही. खोका आला तसा तो प्रकार अभ्यासक्रमातून गेला. विमान रिकामं कुठे मिळतंय, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. "हँगरमध्ये सुट्या भागांची वाट बघत चार विमानं उभी आहेत," ते म्हणाले. "इंजिन नाही त्यांना. बसायला इंजिन कशाला लागतं?" एवढं म्हणून त्यांनी हेल्मेट घातलं आणि ते घरी जाण्याऐवजी तळाच्या दिशेने गेले.

मंगळवारी दुपारी नवरा अवेळी घरी आला. परीक्षेची उड्डाणं पुढे ढकलली होती. सकाळी सहाही जणांना फडकं बांधून इंजिन नसलेल्या विमानात बसवलं होतं आणि मास्तरांनी घाई करत, ओरडत, पत्र्यावर थापा मारत नावं घेतली होती. मध्येमध्ये चाकांच्या मुठीचं नाव दहादा आलं; पहिला नंबर त्यातल्या सहा वेळा चुकला. नवरा सात वेळा. फूटपट्टी बाजूला उभे राहून लिहून घेत होते.

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "सगळ्या तळाला ठाऊक झालंय कुणी सांगितलं ते. मी गुरुवारपर्यंत नीट करणार होतो."

"आणि बाकीचे पाच?"

"त्यांची बायको आहेस का तू?"

त्या दिवसापासून तो तिला वाचायला सांगेना. स्वतःच्या आवाजात संकटं फोनवर भरून घेतली आणि दार लोटून खुर्चीवर बसू लागला. आपल्याच आवाजाने माणूस कसा दचकणार? ती स्वयंपाकघरातून ऐकत राहायची. वरच्या वहिनी जिन्यात भेटल्या की आता "काय परीक्षक बाई" म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण थांबायच्या नाहीत.

तळावर बरंच काही झालं असावं, त्यातलं कानावर आलं ते थोडं. मोठे साहेब आधी खूप तापले म्हणे. मग मास्तरांनी त्यांनाही फडकं बांधलं. त्यांचा हात कुठे गेला, हे कुणी सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी खोका बंद झाला आणि फिटर लोक हत्यारं घेऊन आत शिरले. नऊ दिवसांनी मूठ उजवीकडे आली, डावीकडे हवेची मूठ बसली. बाहेरच्या मंडळींची भेट लांबली. फडक्याची परीक्षा दर सोमवारी कायमची ठरली, प्रशिक्षकांसकट. ऐकायला सगळं छानच होतं. पण खोका नऊ दिवसांत बदलतो. हात नाही बदलत. दुसऱ्या सोमवारी नवरा दोनदा चुकला. तिसऱ्या सोमवारी एकदा. हे तिला त्याने सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं, पहिला नंबरही एकदाच चुकला हे सांगताना ओघात.

त्या एकदाने तिची झोप गेली. दहात एक म्हणजे थोडं नव्हे.

नव्याने ठरलेल्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो खोलीतून बाहेर आला, वही तिच्यापुढे ठेवली आणि मुंगीला स्वतःच्या मांडीवर घेऊन खुर्चीवर बसला. "हिला रडव आणि वाच," म्हणाला. मुलीला मुद्दाम रडवायला काही लागलं नाही. लाटणं काढून घेतलं की पुरे. मुंगीने घर डोक्यावर घेतलं आणि ती तिच्या वरताण आवाजात वाचत राहिली, वीसदा, तीसदा. हात उजवीकडे गेला. दर वेळी. तरी कुणाचंच समाधान झालं नाही. खुर्ची ती खुर्चीच.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. गच्चीवरून एका बाजूला धावपट्टीचं टोक दिसायचं आणि विरुद्ध बाजूला पाण्याची उंच टाकी. उतरणाऱ्या विमानाची चाकं टाकीच्या पलीकडेच बाहेर आलेली असायला हवीत, एवढं तिला वहीवरून माहीत होतं. आभाळात दोन विमानं होती. एकात तो, एकात पहिला नंबर. कोणतं कुणाचं ते खालून कळायला मार्ग नव्हता. मागच्या आसनावर एकात मास्तर, एकात फूटपट्टी.

पहिलं आलं. टाकीच्या कितीतरी पलीकडे त्याची चाकं उतरलेली होती. ते सरळ जाऊन टेकलं.

दुसरं आलं ते पोट गुळगुळीत घेऊन. ती कठड्याशी गेली. टाकी जवळ आली तरी पोट गुळगुळीतच. कडेवरची मुंगी बोट दाखवून काहीतरी ओरडत होती. टाकी मागे पडली. ती मोजत होती आणि आपण मोजतोय हे तिला ऐकू येत होतं. मग पोटाखाली एक काडी दिसली, मग दोन आणखी, आणि विमान तिच्या डोक्यावरून एवढ्या खालून गेलं, की दोरीवरचे कपडे फडफडले. ते टेकलं तेव्हा तिला कळलं की ओला टॉवेल तिने मुंगीभोवती गुंडाळला आहे.

नवरा चार वाजता आला. बूट काढले, पाणी प्यायला, मग म्हणाला की दुसरं माझं होतं. फूटपट्टींनी मुद्दाम उशिरा संकट दिलं, आणि नेमकी त्याच वेळी रेडिओवर दुसरी गडबड चालू ठेवली. चिठ्ठी पांढरी मिळाली. पास.

"हात?" तिने विचारलं.

"आधी कुठेच गेला नाही. तसाच राहिला. डावीकडे जायचं नाही एवढं त्याला कळलं होतं, आणि कुठे जायचं ते आठवत नव्हतं." तो तळव्याकडे बघत होता. "मग गेला उजवीकडे. किती वेळ लागला असेल?"

खोटं सांगता आलं असतं.

"चार सेकंद," ती म्हणाली.

"फूटपट्टीने साडेतीन लिहिलेत," तो म्हणाला. ही थट्टा होती, दोघांनाही कळली, आणि दोघांपैकी कुणीच हसलं नाही.